साठाव्या दिवशीची गार

पुण्याच्या नारायण पेठेतल्या जुन्या माणसांना १२ जुलै १९६१ बद्दल विचारलं, की ती वेळा सांगू लागतात. पानशेत धरण फुटल्याची कुजबुज कधी कानावर आली, मुठेचं पाणी बोळात कधी शिरलं, बिऱ्हाड माळ्यावर कधी चढवलं, पाणी ओसरून चिखल कधी दिसला. एका दिवसात कोसळलेलं अरिष्ट असंच सांगावं लागतं. माणसाच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, ते तासातासानेच उलगडतं.

द्राक्षबागेवर पडलेल्या गारांची बातमी मात्र आपण हेक्टरांत वाचतो आणि पान उलटतो. रविवार, २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड तालुक्यात, गारपीट झाली. तो दिवस मला पेठेतल्या पुरासारखा, तासांनी सांगायचा आहे. त्यातही मुद्दाम रेड वाईनच्या द्राक्षांच्या बाजूने सांगायचा आहे. वाईनचं द्राक्ष हा आपल्या द्राक्षशेतीचा फार लहान हिस्सा आहे. नाशिकच्या बहुतेक बागा खाण्याच्या द्राक्षांच्या. पण बाटलीवर साल छापलेलं असतं, आणि त्या सालात हवामानाने काय केलं याचा माग वाईनमध्ये जितका स्पष्ट राहतो तितका दुसऱ्या कुठल्याच फळात राहत नाही.

याच पेठेतल्या केसरीवाड्यातून टिळकांनी १९०८ मध्ये दारूबंदीच्या चळवळीला बळ दिलं होतं. मद्याबद्दलचा आपल्या घरांतला संकोच मला परका नाही, आणि त्याचा मला आदरही आहे. पण इथे बोलायचंय ते शेतीबद्दल. बागेवर गार पडते तेव्हा द्राक्ष ताटात जाणार की टाकीत, हे ती बघत नाही.

सात महिने आधी

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. उन्हाळ्याच्या तोंडावर बाग जवळजवळ उघडी करतात, ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या हातांवर, जेमतेम डोळे ठेवतात आणि नव्या काड्या फुटू देतात. या काड्यांवर तेव्हा फळ धरायचं नसतं. पण पुढच्या मे-जूनमध्ये, छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत, काडीवरच्या प्रत्येक डोळ्याच्या आत एक निर्णय होऊन जातो: इथून घड निघेल की नुसती बाळी. बागायतदार याला सूक्ष्मघड निर्मिती म्हणतात. तो डोळा चाकूने उभा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर सहा-सात महिन्यांनी लटकायच्या घडाचा आराखडा आत दिसतो. त्या दिवसांत काडीवर स्वच्छ ऊन पडलं तर घड भरपूर. आभाळ दाटून राहिलं किंवा पानांची गर्दी झाली तर डोळा आंधळा. म्हणजे वाईनच्या सालाची मोजणी मण्यापासून सुरू झाली असं आपण समजतो तेव्हा तिचा एक मोठा हप्ता आधीच भरून झालेला असतो.

नऊ आठवडे आधी

सप्टेंबरच्या अखेरीस फळासाठीची गोडी छाटणी. इथे आपला आणि युरोपचा रस्ता साफ वेगळा होतो. फ्रान्सच्या बोर्दोमधली वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते, उन्हाळ्यात मणी धरते आणि दिवस लहान होत, हवा थंडावत जाताना पिकते. आपली वेल झोपतच नाही. तिला कात्रीने उठवावं लागतं. ती पाऊस सरताना फुटते, थंडीत मणी धरते आणि दिवस मोठे होत, ऊन चढत जाताना पिकते. तिथे उशीर झाला तर द्राक्ष थंडीत सापडतं. इथे उशीर झाला तर मार्चच्या उन्हात. ही एक गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

२०२३ चा पावसाळा अल निनोच्या छायेत गेला. देशात मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला आणि ऑगस्ट तर १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. नाशिकच्या पूर्व भागात विहिरी भरल्याच नाहीत. गोडी छाटणी घेताना प्रत्येक बागायतदाराच्या मनात पाण्याचा हिशेब होता. गारांचं भय मनात येतं ते साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्याला गारांनी झोडपलं होतं, ती आठवण अजून ताजी आहे. नोव्हेंबरमध्ये मात्र नजर असते ती थंडीकडे.

छाटणीनंतर आठ-बारा दिवसांत डोळे फुगतात, पोंगा दिसतो, मग पोपटी पान. चाळीसाव्या दिवसाच्या आसपास फुलोरा. पन्नासाव्या दिवशी मणी धरून बाजरीएवढा होतो, मग ज्वारीएवढा, मग हरभऱ्याएवढा. बागेत कोणी महिना सांगत नाही. "किती दिवसांची बाग?" हाच प्रश्न, आणि उत्तरही दिवसांतच.

चार आठवडे आधी

३१ ऑक्टोबर. राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. नाशिक जिल्ह्यातले मालेगाव, सिन्नर आणि येवला त्या यादीत होते. येवला आणि सिन्नर हे निफाडचे शेजारी.

बहात्तर तास आधी

नारायण पेठेतून नदी ओलांडली की शिवाजीनगरची वेधशाळा. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून तिथे आलं, म्हणून पुणेकर अजून त्या चौकाला सिमला ऑफिस म्हणतात. तिथेच १९३२ मध्ये डॉ. एल. ए. रामदास यांच्या हाताखाली शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग सुरू झाला. रामदासांनी त्याच सुमारास पुण्यात एक विलक्षण गोष्ट मोजून दाखवली. निरभ्र, शांत रात्री सर्वांत कमी तापमान अगदी जमिनीला लागून असेल असं सगळे धरून चालले होते. ते जमिनीच्या किंचित वर सापडलं. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. वेधशाळेच्या पेटीतली हवा वेगळी आणि पिकाच्या अंगाला लागणारी हवा वेगळी, हे त्याने पुराव्याने सांगितलं.

नोव्हेंबरच्या त्या शेवटच्या आठवड्यात नकाशावर काय जुळत होतं? उत्तरेकडे पश्चिमी झंझावात आणि त्याच्याबरोबर वरच्या थरात खाली झुकलेली थंड, कोरडी हवा. खाली अरबी समुद्रावरून येणारं बाष्प आणि पूर्वेकडून वाहणारे दमट वारे. वर थंड, खाली उबदार आणि ओलं, अशी मांडणी झाली की हवा उभी चढायला लागते. विजांसह पावसाचा, ठिकठिकाणी गारांचा इशारा हवामान खात्याने दिला होता. तो जिल्ह्यांच्या नावाने होता. गार मात्र जिल्ह्यावर पडत नाही. ती पट्ट्यात पडते, कधी काही किलोमीटर रुंद, कधी त्याहून अरुंद. एका गटातली बाग झोडपली जाते आणि ओढ्यापलीकडची पानालाही न लागता राहते. इशारा खरा असूनही आपल्या बांधाचं काय होणार हे कोणाला सांगता येत नाही, आणि यात वेधशाळेचा काही दोष नाही.

चोवीस तास आधी

शनिवार. इशारा मोबाईलवर पोचलेला आहे. आता करण्यासारखं काय आहे?

पावसासाठी काही करता येतं. डाऊनी ही बुरशी येणार हे गृहीत धरून आधीच आंतरप्रवाही बुरशीनाशकाची फवारणी घेता येते, ठिबक बंद ठेवता येतं, घडाभोवतीची पानं काढून हवा खेळती करता येते. गारांसाठी जवळजवळ काहीच करता येत नाही. प्लास्टिकचं आच्छादन किंवा जाळी ज्यांच्याकडे आहे ते थोडे आहेत. एकरी खर्च इतका की बँकेच्या दारात उभं राहिल्याशिवाय ते होत नाही. आणि ते एका रात्रीत उभारायची वस्तू नव्हे.

त्यात वाईनच्या बागेचा एक वेगळा पेच. खाण्याच्या द्राक्षाची बाग मांडवावर किंवा वाय आकारावर असते. पानांचं छप्पर वर आणि घड खाली सावलीत. सरळ पडणारी गार आधी पानांवर आपटते. वाईनची वेल बहुतेक ठिकाणी तारांवर उभी, भिंतीसारखी चढवलेली असते. रेड वाईनच्या घडांना ऊन हवं, वारा हवा, म्हणून घडांच्या पट्ट्यातली पानं मुद्दाम विरळ केलेली असतात. रंगासाठी उघडा ठेवलेला तोच घड तिरक्या गारेला उघडा पडतो. चांगल्या वाईनसाठी केलेली मशागतच त्या एका तासाला उलटते.

नऊ तास आधी

रविवारी पावणेसातच्या सुमारास सूर्य उगवला. एरवी नोव्हेंबरच्या अखेरीस निफाडची सकाळ कडाक्याची असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दरवर्षी बातमीत येतो, आणि थंडी फारच उतरली तर बागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, पाणी सोडतात. रंगीत द्राक्षाला रात्रीचा गारवा मानवतो, त्याला बाधतो तो गोठवणारा पारा. ढग असले की रात्रीची उष्णता कोंडून राहते आणि पहाट उबदार होते. असं नको तेवढं उबदार उजाडलं की बागेत वावरणारा माणूस आभाळाकडे पाहतो.

आता त्या सकाळी कोण कितव्या दिवसात होतं ते पाहू, कारण माझ्या मते साऱ्या घटनाक्रमाचं मर्म इथे आहे.

बागलाणात, सटाण्याच्या बाजूला, अर्ली द्राक्ष. तिथे गोडी छाटणी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच घेतात आणि माल नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये काढणीला येतो. तिथला मणी साखरेने भरलेला, साल ताणलेली. निफाडच्या पट्ट्यात ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात छाटलेल्या बागा चाळीस-पंचेचाळीस दिवसांच्या, म्हणजे ऐन फुलोऱ्यात. आणि सप्टेंबरच्या अखेरीस छाटलेलं रेड वाईनचं शिराझ किंवा काबर्ने सोव्हिन्यो साठाव्या दिवसाच्या आसपास: मणी हिरवा, कडक, हरभऱ्याएवढा, आंबट, रंगाचा मागमूस नाही.

तीन वयांची वेल, एकच आभाळ. पिकलेल्या मण्याला नुसता पाऊसही पुरतो. मुळांनी आणि सालीने पाणी ओढलं की मणी तडकतो. फुलोऱ्याला पाऊस म्हणजे गळ आणि कुज. हिरव्या मण्याला पावसाचं फारसं भय नाही. त्याला भय गारेचं.

एक तास आधी

ढगाचा माथा दहा-बारा किलोमीटर उंच जाऊ लागतो. साडेचार-पाच किलोमीटरच्या वर तापमान शून्याखाली असतं. तिथे गोठलेला बारीक कण वर उसळणाऱ्या हवेत तरंगत राहतो, आणि गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रव राहिलेले थेंब त्याला चिकटत जातात. वर येणारी हवा जितकी जोरकस तितका तो कण जास्त वेळ वर टिकतो, तितका जाड होतो. त्याचं वजन हवेला पेलेनासं झालं की तो सुटतो. एक सेंटिमीटरची गार ताशी तीसेक किलोमीटरने येते, अडीच सेंटिमीटरची ताशी सत्तर-ऐंशीने. वारा जोडीला असेल तर तिरकी.

शून्य

दुपार कलली आणि ते झालं. त्याच दिवशी गुजरातेत वीज पडून वीसहून अधिक माणसं दगावली. इतका त्या हवेचा पसारा होता. निफाड तालुक्यात वावरं पांढरी झाल्याची चित्रं संध्याकाळी सगळ्यांनी पाहिली.

माझा आतेभाऊ त्या पट्ट्यात बाग करतो. त्याचा फोन पेठेत आला तेव्हा घरात त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती भिजवलेल्या होत्या. त्याने गारा केवढ्या होत्या ते सांगितलं नाही. म्हणाला, "भाऊ, वाऱ्याच्या अंगाचे सगळे घड गेले. आतल्या बाजूला हात लावून बघतोय." मी विचारलं, "पानं?" तर म्हणाला, "पानांचं विचारू नको."

काही दिवसांनी त्याने आणलेला एक घड मी हातात धरून पाहिला. ते दृश्य नीट सांगायला हवं. गार लागलेला हिरवा मणी सहसा फुटत नाही. त्याच्यावर आधी एक फिकट, पाणी मुरल्यासारखा ठिपका येतो, मग तो तपकिरी होऊन आत दबतो. नख लावलं तर त्या बाजूचा गर बुचासारखा कोरडा. पलीकडची बाजू मात्र हिरवीगार, जणू काही झालंच नाही. काही मण्यांचं बी उघडं पडलेलं. देठ जिथे सोललं होतं तिथून खालचा अख्खा घड सुकत चाललेला, वरचा ताजा. आणि काडीवर, एकाच बाजूला, ओळीने फाटलेली साल.

पहिला तास

गारा थांबतात, पाऊस चालूच असतो. चिखलात ट्रॅक्टर जात नाही, ब्लोअर बाहेर काढता येत नाही. बागायतदार मँकोझेब या बुरशीनाशकाची भुकटी धुरळतात, कारण फवारणीला वाव नसताना तेवढंच हातात असतं. फाटक्या पानातून, फुटक्या मण्यातून वेलीला हजारो उघड्या जखमा झालेल्या असतात.

चौथा तास

अंधार पडलेला. पौर्णिमेचा चंद्र ढगाआड. इथून पुढचं संकट दिसत नाही, आवाज करत नाही, आणि माझ्या मते गारेइतकंच मोठं आहे.

डाऊनी, म्हणजे केवडा. ही बुरशी पानाच्या खालच्या अंगाला बीजाणू धरते ते अंधारात, हवा जवळजवळ संपृक्त असताना, आणि त्यासाठी तिला साधारण चार तास पुरतात. मग पानावर पाण्याचा थर दोन-तीन तास टिकला आणि हवा वीस-पंचवीस अंशांची असली की ती आत शिरते. कोरड्या नोव्हेंबरात हे तास एकत्र कधी मिळत नाहीत; दहिवर पडलं तरी सकाळच्या उन्हाने उडतं. ढगाळ, ओल्या, उबदार रात्री ते सलग मिळतात. बागेवर हल्ला झाला की नाही याचं उत्तर पाऊस किती मिलिमीटर झाला यात सापडत नाही. पान किती तास ओलं राहिलं यात सापडतं.

या बुरशीविरुद्धच्या लढ्याचा इतिहास बोर्दोतूनच सुरू होतो. ती अमेरिकेतून फ्रान्सला पोचली आणि तिथल्या बागा उजाड होऊ लागल्या. १८८२ मध्ये मिलार्डे या वनस्पतिशास्त्रज्ञाला मेदोक भागात रस्त्याकडेच्या वेली हिरव्या दिसल्या. वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मालकांनी त्यांच्यावर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. त्यातून बोर्डो मिश्रण आलं. आज निफाडच्या कुठल्याही वाडीवर एक टक्का बोर्डो कसं करायचं ते मुलंही सांगतील: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. बोर्दोचं नाव आपल्याकडे वाईनच्या बाटलीआधी फवारणीच्या पिंपातून आलं.

आमच्या पेठेच्या नदीपलीकडेच, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने, ओल्या रात्रींना दबणार नाही असं द्राक्ष शोधण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचं एआरआय-५१६ हे वाण बुरशीजन्य रोगांना फारशी दाद देत नाही आणि रस व रेड वाईन दोन्हींना चालतं. शिराझ, काबर्ने ही नावं बाटली विकतात हे मला समजतं. तरी आपल्या रात्री सोसणाऱ्या आपल्या वाणाची वाईन कोणी तरी निष्ठेने करावी, असं मला मनापासून वाटतं.

बहात्तरावा तास

विम्याची मुदत बहात्तर तासांची असते. गारपिटीचं संरक्षण जोडून घेतलं असेल तर तेवढ्या वेळात कळवावं लागतं. वीज गेलेली, वाटा बंद, आणि ज्या माणसाने मुदत पाळायची तोच बागेत भुकटी धुरळत असतो.

मग पंचनामे. राज्यात जवळपास एक लाख हेक्टरवरच्या पिकांना फटका बसल्याचा प्राथमिक अंदाज त्याच आठवड्यात मंत्रिमंडळापुढे आला. नुकसान ३३ टक्क्यांहून अधिक असेल तरच मदत, असा निकष. १ जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयाने मर्यादा दोनवरून तीन हेक्टरांवर नेली आणि बहुवार्षिक पिकांना हेक्टरी ३६ हजार रुपये ठरवले. द्राक्षबागेचा एका हंगामाचा खर्च एकरी दोन-तीन लाखांच्या घरात जातो. हेक्टर म्हणजे अडीच एकर. हिशेब ज्याचा त्याने करावा.

रक्कम वाढायला हवी हे तर आहेच. पण माझं म्हणणं त्याआधीचं आहे. पंचनाम्याच्या कागदावर क्षेत्र असतं, टक्केवारी असते. बाग त्या दिवशी कितव्या दिवसात होती याला रकाना नसतो. साठाव्या दिवशी मणी तीस टक्के गेले आणि पानं सत्तर टक्के गेली, तर डोळ्यांना दिसणारं नुकसान निकषाखाली बसतं आणि खरं नुकसान अजून व्हायचंच असतं. छाटणीची तारीख प्रत्येक बागायतदाराच्या वहीत लिहिलेली असते. तलाठ्याने ती विचारावी आणि कागदावर घ्यावी, एवढीच ही मागणी आहे. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात १९९७ पासून या वयांचाच अभ्यास चालू आहे. रकाना कसा असावा हे सांगणारी माणसं पुण्यात बसली आहेत.

सातवा दिवस

पानांवर तेलकट डाग. पान उलटं केलं की पांढरी लव. पौर्णिमेच्या रात्री आत शिरलेलं आता बाहेर दिसायला लागलं. दुसरीकडे वेल स्वतःला सावरू बघते: पानं गेली म्हणून झोपलेले डोळे जागे होतात आणि बगलफूट जोरात निघते. ही कोवळी फूट डाऊनीला सर्वांत आधी बळी पडते. शिवाय पहिले काही आठवडे ती अन्न तयार करत नाही, खाते. घडाला मिळायचं ते फुटीला जातं.

शंभरावा दिवस आणि पुढे

आता गारेचा आणि वाईनचा खरा संबंध.

एका घडाला नीट पिकवायला काडीवर बारा-पंधरा निरोगी पानं लागतात. ती निम्म्यावर आली की साखर भरायचा वेग मंदावतो. ठरलेल्या दिवसात मण्यात पाणी उतरत नाही, रंग चढायला उशीर होतो. चांगल्या वर्षी नाशिकचं शिराझ जानेवारीत रंग घेतं. रात्री गार, दिवस सौम्य. सालीतला तांबडा-जांभळा रंग याच हवेत साठतो. तापमान पस्तिशीपलीकडे गेलं की रंग तयार होण्याचं काम रोडावतं आणि झालेला रंगही मोडतो. आंबटपणाचंही तेच, मण्यातलं मॅलिक आम्ल उष्ण रात्रींत वेल स्वतःच जाळून टाकते.

नोव्हेंबरातल्या काही मिनिटांनी ही बाग दोन-तीन आठवडे मागे ढकलली. युरोपात याचा अर्थ थंडीत पिकणं झाला असता. इथे अर्थ झाला मार्चमध्ये पिकणं. उन्हात साखर तर झपाट्याने चढते, पण रंग, बी आणि सालीतला तुरटपणा मागे राहतात. वायनरीपुढे तेव्हा दोनच वाटा. साखर झाली म्हणून तोडा, तर वाईन चढी पण फिकी, आणि कच्च्या बियांनी कडवट. थांबा, तर आम्ल गळून वाईन बसकी होते आणि गारेच्या जुन्या जखमांतून कुज आत येते.

पांढऱ्या वाईनला यातून एक पळवाट असते. द्राक्ष दाबून रस लगेच वेगळा केला की साल बाजूला पडते. रेड वाईनचा सगळा जीव सालीत. रस आणि साल आठ-दहा दिवस एकत्र आंबतात, रंग आणि चव तिथूनच येते. सालीवर बुरशी असली, विशेषतः बोट्रायटिस, तर तिचं लॅकेज हे विकर रसात उतरतं आणि रंगाला तपकिरी करून टाकतं. जी जखम खाण्याच्या द्राक्षात कात्रीने काढून टाकता येते ती इथे टाकीत विरघळते. म्हणून वायनरीच्या तोडणीला गारेच्या बागेत बाया प्रत्येक घड उलटापालटा करून बघतात, दबलेला, सुकलेला मणी चिमटीने काढतात. दिवसाकाठी भरणारे क्रेट अर्ध्यावर येतात. त्या सालच्या चांगल्या बाटलीत जे काही चांगलं असतं त्यातलं बरंच या चिमटीचं.

आणि हेही सांगायला हवं, की गारेने सगळीच बाग वाईट होते असं नाही. जिथे मणी गेले पण पानं वाचली, तिथे उरलेल्या थोड्या मण्यांना भरपूर पोसणं मिळतं. अशा ओळीतली वाईन थोडी होते आणि गडद होते. ओढ्यापलीकडच्या न लागलेल्या बागेत तर नेहमीचं साल. एकाच गावच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या इतक्या वेगळ्या निघू शकतात. बोर्दोचं अमुक साल थोर आणि तमुक पडेल, हे आपल्याकडचे शौकीन तोंडपाठ सांगतात. १९५६ च्या फेब्रुवारीतल्या हिमाने तिथल्या वेली मेल्या, २०१७ च्या एप्रिलमध्ये कोंब करपले, हेही त्यांना ठाऊक असतं. निफाड आणि दिंडोरीच्या सालांची तशी वही आपण ठेवत नाही. ती ठेवायला हवी, आणि तीत गावापेक्षा बारीक, बांधापर्यंतची नोंद हवी.

पाचवा महिना

एप्रिल २०२४. पुन्हा खरड छाटणी. आतेभाऊ ओलांड्यावरून बोट फिरवत होता. जिथे साल ओळीने फाटली होती तिथे लाकूड काळं पडलेलं. फाटलेल्या भागाच्या मागे, निरोगी लाकडावर काप घेतला तर वेलीचा एक हात आखूड होतो आणि तो भरून यायला दोन हंगाम जातात. काळा भाग ठेवला तर त्यातून बुरशी आत खोडाकडे सरकते. त्याने वाऱ्याच्या अंगाचे हात आखूड केले, दुसऱ्या अंगाचे ठेवले, कापांवर बोर्डोची पेस्ट लावली आणि वहीत छाटणीची तारीख लिहिली.